एक माणूस, पाच खाती: रस्त्यावरच्या आजारी माणसाची जबाबदारी नेमकी कुणाची?

स्टेशनबाहेरच्या पुलाखाली झोपणारा चाळिशीतला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. स्वतःशीच बडबडतो. दारू पितो. पायाला जखम आहे, आधार कार्ड कधीच हरवलंय. आपण रोज त्याच्या बाजूने जातो आणि मनात म्हणतो, "सरकार याच्यासाठी काही करत का नाही?"

खरं तर सरकारकडे त्याच्यासाठी बरंच काही आहे. फक्त ते पाच ठिकाणी विखुरलंय.

कुणाकडे काय आहे?

रात्र निवारा चालवण्याची जबाबदारी महापालिकेची. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे २४ तास उघडा असलेला एक निवारा हवा, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. मानसिक आजारावरचे उपचार आरोग्य विभागाकडे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. व्यसनमुक्ती सामाजिक न्याय विभागाकडे, भिक्षेकरीगृहं महिला व बालविकास विभागाकडे आणि पोलीस गृह विभागाकडे.

म्हणजे माणूस एक, खाती पाच.

मग अडतं कुठे?

प्रत्येक दारावर एक अट असते, आणि ती पूर्ण होते दुसऱ्याच दारात. निवाऱ्यात गेला तर "दारू पिऊन यायचं नाही". व्यसनमुक्ती केंद्रात गेला तर "सही करायला नातेवाईक आणा" किंवा "आधी मानसिक आजारावर उपचार घ्या". मनोरुग्णालयात बरा झाला तर "घरचा पत्ता सांगा, सोडतो". घर असतं तर तो पुलाखाली कशाला झोपला असता?

त्यात या अडचणी एकमेकींना वाढवतात. डोक्यावर छप्पर नसेल तर गोळ्या वेळेवर घेणं जमत नाही. गोळ्या सुटल्या की आजार उसळतो, आजार उसळला की दारू वाढते आणि दारूमुळे निवारा सुटतो. एकेका खात्याने आपापलं काम चोख केलं, तरी माणूस पुन्हा पुलाखालीच.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याबाबत स्पष्ट आहे. कलम १०० नुसार, मानसिक आजार असलेली आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती रस्त्यावर भटकताना आढळली, तर तिला संरक्षण देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत तिला सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं लागतं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. कलम १८ नुसार बेघर व्यक्तीला हे उपचार मोफत मिळायला हवेत, दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी.

पण उपचारानंतर काय? २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आलं की, महाराष्ट्रात मनोरुग्णालयातल्या लोकांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवलं जातंय. कोर्टाने ते थांबवायला सांगितलं. लक्षात घ्या, १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागणं हाच गुन्हा आहे. म्हणजे आजारातून सावरलेला माणूस गुन्हेगारांसाठीच्या व्यवस्थेत जाऊन पडत होता.

दुसरीकडे काय केलं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. इंग्लंडमध्ये बेघरपणा, व्यसन, मानसिक आजार, घरगुती हिंसा आणि तुरुंगाच्या फेऱ्या यांपैकी अनेक गोष्टी ज्यांच्या वाट्याला एकत्र येतात, त्यांच्यासाठी वेगळं काम सुरू झालं. २०१४ पासून आठ वर्षं १२ भागांत लॉटरीच्या निधीतून प्रयोग झाला. २०२१ मध्ये सरकारही उतरलं आणि १५ भागांत नवा कार्यक्रम आला.

त्यातली मुख्य कल्पना साधी आहे. अशा माणसामागे एकच कार्यकर्ता असतो. तोच त्याच्यासोबत दवाखान्यात, घराच्या ऑफिसात, कोर्टात जातो. माणूस एखाद्या भेटीला आला नाही म्हणून फाईल बंद होत नाही. सगळ्या विभागांचे लोक एका टेबलावर बसून एकाच माणसाबद्दल बोलतात. कमकुवत बाजू अशी की हा पैसा ठरावीक मुदतीचा. प्रकल्प संपला की तो कार्यकर्ताही जातो.

आपल्याकडे हा दुवा जोडतात त्या प्रामुख्याने संस्था. कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलते, उपचार करते आणि त्यांच्या गावी, घरी पोहोचवते. डॉ. भरत वाटवानी यांना याच कामासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चेन्नईची 'द बॅनियन' बऱ्या झालेल्यांना चार-पाच जणांच्या गटाने साध्या वस्तीत, साध्या घरात राहायला मदत करते. पण संस्था पोलिसांना आदेश देऊ शकत नाही, की महापालिकेला निवारा उघडायला लावू शकत नाही.

मग मागायचं काय?

आणखी एक योजना नको. प्रत्येक वॉर्डात एक जबाबदार व्यक्ती हवी, जिचं नाव आणि फोन नंबर पोलीस ठाण्यात, निवाऱ्यात आणि सरकारी दवाखान्यात लावलेला असेल. या पाचही खात्यांची दर महिन्याला एकत्र बैठक हवी. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला हे विचारता येईल.

आणि आज असा माणूस दिसला तर? ११२ वर पोलिसांना कळवा, कलम १०० चा उल्लेख करा. मानसिक आरोग्याबाबत सल्ला हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, व्यसनाबाबत १४४४६. त्याचा व्हिडिओ काढून व्हायरल मात्र करू नका. उद्या तो बरा होऊन घरी गेला, तरी तो व्हिडिओ फिरतच राहील.