स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील गोल्फचीं मैदानें

गोल्फ म्हणजे निव्वळ साहेबी चैन, अशी आपल्याकडे बहुतेकांची समजूत. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्रूज गांवीं ती टिकत नाहीं. समुद्र व शेतें यांमधील खुरट्या गवताच्या रेताड पट्ट्यास तेथें ‘लिंक्स’ म्हणतात. नांगरास निरुपयोगी, म्हणून तो खेळास मोकळा राहिला. परंतु कर्जबाजारी नगरसभेनें १७९७ सालीं तो विकला आणि पुढें तेथें ससे पाळले जाऊं लागले! खेळाडू व ससेपालक यांच्यांत कित्येक वर्षें कोर्टकज्जे चालले. अखेर १८२१ त जेम्स चीप या जमीनदारानें ती जागा घेऊन खेळासाठीं राखली. १८९४ च्या कायद्यानें ती पुन्हां गांवाची झाली. आजहि तेथील ‘ओल्ड कोर्स’ सार्वजनिक असून रविवारीं बहुधा खेळ बंद असतो; त्या दिवशीं गांवकरी मुलांबाळांसह हिरवळीवर फिरतात.

वाचकभगिनींनीं मात्र शेजारचा ‘हिमालय’ अवश्य पाहावा. उंचसखल हिरवळीचें हें नांव! १८६७ त स्थापन झालेल्या स्त्रियांच्या क्लबाचें हें मैदान. दांडा खांद्यावर उगारणें स्त्रियांस तेव्हां अशोभनीय मानीत. येथें चेंडू हलकेच ढकलून खळग्यांत घालावयाचा. थोड्या शुल्कांत आजी व नातू दोघेंहि खेळतील.

एडिंबरोच्या पूर्वेस म्युअरफील्डचें मैदान आहे. तेथील क्लबानें स्त्रियांस सभासद करण्याचा ठराव २०१७ सालीं संमत केला. आदल्या वर्षीं पुरेशीं मतें पडलीं नव्हतीं! वाटेंत मसलबरोचें नऊ खळग्यांचें जुनें मैदान घोड्यांच्या शर्यतीच्या रिंगणांत आहे. वारा सर्वत्र बोचरा. जूनमध्येंहि लोकरी कपडा जवळ असावा.