कमरेला काय लावू?

रात्री साडेअकराला एका जुन्या मित्राचा मेसेज आला. तो मालेगावचा. नाशिकच्या नाही, आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावचा. दोन पिस्तुलांचे फोटो आणि खाली प्रश्न: "घरी ठेवायला आन् कमरेला लावायला यातलं कोणतं बरं? लहान पाह्यजे. शर्टाखालून दिसलं नाही पाह्यजे."

त्याच्या विहिरीवरची केबल दुसऱ्यांदा चोरीला गेली होती. धुऱ्याच्या वादावरून चुलत्यांशी बोलणं बंद होतं. रात्री कुत्रं भुंकलं की बायको उठून बसायची. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी तीनच शब्द लिहिले: "एकही घेऊ नको." तो चिडला. चिडणं रास्तच होतं, कारण तीन शब्दांत माणसाची भीती मोडीत काढता येत नाही. म्हणून हे सविस्तर.

आधी त्या फोटोंबद्दल. दोन्ही पिस्तुलं ९ एमएमची होती. तुम्ही रील्समध्ये पाहता ती बहुतेक तशीच असतात. भारतात हा बोअर सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहे. परवाना मिळालाच तर साधारण .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेता येतं. म्हणजे तासन्‌तास पाहिलेली 'कोणतं बरं' छापाची तुलना आपल्या बाजारात नसलेल्या मालाची असते.

आणि परवाना हा हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. पीक राखायला ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक यांचा विचार त्यात वेगळा केला आहे. शर्टाखाली लपणारं पिस्तूल त्या सवलतीत बसत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना सबळ कारण पटवावं लागतं. पोलिसांचा अहवाल लागतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रशिक्षणाचं आणि प्रकृतीचं प्रमाणपत्र लागतं. एवढं करून निवडणूक लागली, की ते पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. गावात सगळ्यात जास्त तणाव ज्या दिवसांत असतो, नेमकं त्याच दिवसांत तुमचं 'संरक्षण' ठाणेदाराच्या कपाटात.

"मग कट्टा घेतो," असं म्हणणाराही एक असतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधं शस्त्र बाळगल्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं आहे. शिवाय गावठी कट्टा हातातच फुटू शकतो. त्यावर याहून जास्त शब्द खर्च करायची गरज नाही.

आता समजा, सगळं कायदेशीर झालं. पिस्तूल घरात आलं. ते ठेवणार कुठे?

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही व्हिडिओत नीट मिळत नाही. कुलुपात ठेवलं, गोळ्या वेगळ्या ठेवल्या, तर रात्री दोनला दार वाजल्यावर अंधारात किल्ली शोधायची, कपाट उघडायचं, गोळ्या भरायच्या. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि भरलेलं पिस्तूल उशीखाली ठेवलं, तर ते घरातल्या सात वर्षांच्या पोरालाही सापडतं. सुरक्षित ठेवलेलं पिस्तूल वेळेला कामाचं नाही आणि कामाला येईल असं ठेवलेलं सुरक्षित नाही. कंपनी बदलून, नळी अर्धा इंच आखूड करून हा पेच सुटत नाही.

शेतातल्या चोराचं काय? भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा अधिकार आहे, कलम ३४ ते ४४ मध्ये. पण मालमत्तेसाठी जीव घेण्याची मुभा फार थोड्या प्रसंगांत आहे: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, आग लावणं, किंवा जिवावर बेतेल अशी रास्त भीती. केबल गुंडाळून पळणाऱ्या पोरावर पाठीमागून गोळी झाडलीत, तर चोर तो आणि खुनाचे आरोपी तुम्ही. केबल काही हजारांची. पुढचा खटला किती वर्षांचा, ते वाशिमच्या कोर्टासमोर बसलेल्या कुणालाही विचारा.

बायकांच्या सुरक्षेचा मुद्दा यापेक्षा जड आहे. दिल्लीच्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. .३२ बोअर, वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. आमच्याकडे सोयाबीनच्या सोंगणीला जाणाऱ्या बाईने ते कुठून आणावं? आणलंच तरी तिला मारहाण कोण करतं? बहुतेक वेळा ज्याच्या हाती घरातल्या कपाटाची किल्ली असते, तोच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासाने नेमकं हे मोजलं. पिस्तूल बाळगणाऱ्यासोबत राहणाऱ्या माणसांचा खून होण्याचं प्रमाण, पिस्तूल नसलेल्या घरातल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण तर सातपट, आणि त्या बळींमध्ये बहुसंख्य बायका. पिस्तूल आणलं होतं बाहेरच्या माणसासाठी.

"ते अमेरिकेचं आहे" असं म्हणाल. मग मुंबईचं घ्या. २२ एप्रिल २००६ ची सकाळ, वरळीतलं घर. प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या भावाने, प्रवीण महाजन यांनी. शस्त्र होतं परवान्याचं .३२ पिस्तूल. ३ मे रोजी प्रमोद महाजन गेले. ज्या माणसाभोवती देशाच्या राजकारणातली सगळी सुरक्षा उभी राहू शकत होती, त्याच्या घरात गोळी कुठल्या दारातून आली? सकाळी भेटायला आलेल्या भावासाठी उघडलेल्या दारातून. मित्रा, तुझा वादही भावकीतलाच आहे. संतापाच्या भरात आपल्याकडे काठी उचलली जाते, डोकं फुटतं, टाके पडतात, आणि दोन वर्षांनी एखाद्या लग्नात पुन्हा बोलणं सुरू होतं. कमरेला पिस्तूल असलं की ही दोन वर्षं मिळत नाहीत.

आता जी गोष्ट आपल्या जिल्ह्यात मोठ्याने बोलत नाहीत, ती. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधान पॅकेज जाहीर झालं, त्यातल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वाशिम होता. कर्ज, नापिकी, मुलीचं लग्न या गोष्टी आमच्या पिढीने बातम्यांत वाचलेल्या नाहीत, ओसरीवर ऐकल्या आहेत. अशा घरात पिस्तूल आणून ठेवणं म्हणजे काय, याचा विचार करा. टोकाची वेळ अनेकदा थोडी असते आणि ती टळली तर माणूस पुढे जगतो. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घालत नेली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. लोकांची दुःखं निम्मी झाली नव्हती. घातक साधन हाताशी राहिलं नाही, म्हणून जीव वाचले. आणि आपण उलट दिशेने निघालो आहोत, दुसरी संधीच न देणारी वस्तू विकत आणायला.

मग एवढ्या लोकांना ती हवी का असते? खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा वट म्हणून. पांढरी स्कॉर्पिओ, मागे दोन पोरं, कमरेला उठून दिसणारा तो फुगवटा. नियम सांगतात की शस्त्र झाकून न्यायचं, मिरवायचं नाही. पण मिरवायचं नसेल तर घेतलं कशाला, असा हा हिशोब आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. नंतर प्रशासनाला फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द करावे लागले. एवढी पिस्तुलं असलेला जिल्हा सगळ्यात सुरक्षित असायला हवा होता, नाही का? त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात गोळीबार झाला आणि त्यात एका आमदाराला अटक झाली. आठवडाभरात दहिसरला फेसबुक लाइव्ह सुरू असताना अभिषेक घोसाळकरांचा खून झाला. मारेकऱ्याने पिस्तूल वापरलं ते अंगरक्षकाचं.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपल्याला निःशस्त्र केलं, मग स्वतंत्र देशाने नागरिकावर विश्वास का ठेवू नये? हा प्रश्न जुना आहे. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. वाशिम तेव्हा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं, तिथून संविधान सभेत गेलेले ह. वि. कामत यांनी १९४८ मध्ये हा हक्क मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. कुणीही बाजारात जाऊन हवं ते शस्त्र विकत घेऊ लागला तर राज्य चालवायचं कसं, हा त्यांचा मुद्दा होता. त्यात मला एक भर घालावीशी वाटते. आपल्या गावात शस्त्राचा हक्क सगळ्यांना सारखा कधीच मिळणार नाही. परवाना वाड्यावर आधी पोहोचेल, तांड्यावर आणि वस्तीवर शेवटी. ज्याच्या हाती आधीच जमीन, जात आणि पैसा आहे, त्याच्या हाती आणखी एक गोष्ट येईल.

भीती खोटी नाही, हे मी पुन्हा सांगतो. म्हणूनच तिच्यावर खरे उपाय हवेत. धुऱ्याचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. चोरीची लेखी तक्रार द्या आणि प्रत घ्या. शिवारातल्या आठ-दहा जणांनी पाळीने जागल करा. विहिरीवर दिवा लावा. ११२ ला गाडी उशिरा येते म्हणून ओरडा, ग्रामसभेत ठराव करा, आमदाराला घेरा. पिस्तुलावर जातील तेवढ्या लाखात यातलं बहुतेक सगळं होऊन पैसे उरतील. आणि मनात अंधार दाटला असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

मित्राला हे सगळं मी नंतर फोनवर सांगितलं. त्याला पटलं की नाही, माहीत नाही. पण अर्धा तास तो पिस्तुलाबद्दल एक शब्दही बोलला नाही. चुलत्याबद्दल बोलला, वडील गेल्यापासून झोप लागत नाही म्हणाला. तुम्हालाही असा फोटो कुणी पाठवला तर बोअर आणि कंपनी सांगत बसू नका. आधी फोन लावा आणि विचारा, घरी सगळं ठीक आहे ना.