साचा कुणाच्या घरचा?

आपल्या महाविद्यालयात सध्या स्वतःचे संकेतस्थळ काढण्याची टूम निघाली आहे. टूम चांगलीच आहे. परंतु बोलणे ऐकावे तर ते पानाचा रंग कोणता आणि छायाचित्र कोठे, याच्या पलीकडे जात नाही. जोहे-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत वाढलेल्या मुलांनी तरी असे करू नये. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी शेवटी येते. मूर्ती घडते ती साच्यात. आणि साचा परक्याच्या घरचा असेल, तर पुढल्या वर्षी तो मिळेलच असे कोणी सांगावे?

याहूची जिओसिटीज ही फुकट घरांची वसाहत २००९ साली उठली. ऑर्कुटवर आपल्या लोकांनी रात्री जागवून वाद घातले. गूगलने ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. तेव्हा आज्ञावली निवडताना माझा पहिला प्रश्न असतो तो हा, की माझे लिखाण उद्या मला सबंध बाहेर काढता येईल काय?

या कसोटीला वर्डप्रेस उतरते. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये एका बंद पडत चाललेल्या आज्ञावलीवरून ते उभारले. परवाना मुक्त असल्याने ते कोणत्याही भाड्याच्या संगणकावर हलविता येते. मात्र त्याची निगा राखावी लागते. जोडण्या वेळेवर अद्ययावत केल्या नाहीत तर चोर तेथूनच शिरतात. ज्याला एवढी सवड नाही त्याने खुशाल गूगलचे ब्लॉगर घ्यावे; बेवारशी वर्डप्रेसपेक्षा ते बरे, आणि लिखाण उतरवून घेण्याची सोय त्यातही आहे.

आता चर्चापीठाविषयी. 'अनुदिनी म्हणजे एकट्याचे कीर्तन, चर्चापीठ म्हणजे लोकशाही,' असे आमच्या एका मित्राचे म्हणणे. ऐकायला गोड आहे. मायबोली १९९६ मध्ये निघाली, मनोगत २००४ मध्ये, मिसळपाव २००७ मध्ये. तेथे माणसे जमली ती आज्ञावलीच्या गुणाने नव्हे. मराठी बोलायला आसुसलेली माणसे देशोदेशी विखुरलेली होती आणि त्यांना दुसरा कट्टा नव्हता. आपल्या कारखानदारांना तो व्हॉट्सॲपवर मिळालेला आहे. पीएचपीबीबी फुकट मिळते म्हणून दहा दालने उघडाल, तर त्यांत जाहिरातींचा केरकचरा तेवढा साचेल. शिवाय व्याप वाढला की पळवाट उरत नाही. मायबोली, मिसळपाव द्रुपलवर उभ्या राहिल्या. त्या द्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये निराधार झाली, आणि सातवीवरून पुढे जाणे म्हणजे डागडुजी नव्हे, घर पाडून बांधणेच. फुकटच्या आज्ञावलीची किंमत अशी कुणाच्या तरी रात्रींनी फेडावी लागते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आधी अनुदिनी, तिच्याखाली वाचून मगच प्रसिद्ध करायचे अभिप्राय, आणि चर्चापीठ मुळीच नको. अभिप्रायांतच लोक आपसांत बोलू लागले तर मग पाहता येईल.

एक गोष्ट इतिहासाच्या मंडळींसाठी. मायएसक्यूएल या माहितीसाठ्यातील 'यूटीएफ-८' नावाची जुनी व्यवस्था एका अक्षरचिन्हास तीनच बाइट देते. देवनागरीचे त्यात भागते. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीला मात्र चार लागतात. तिच्यासाठी 'यूटीएफ-८-एमबी-४' ही व्यवस्था हवी. वर्डप्रेसने ती २०१५ पासून स्वीकारली आहे, तरी घराण्याचे मोडी कागद चढवण्यापूर्वी साठा तपासून घ्यावा.

स्थळाचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवावे, करून देणाऱ्याच्या नव्हे. सर्व मजकुराची एक प्रत घरच्या संगणकावर असावी. जोहे गावातल्यांनी ती आषाढाआधीच उतरवून ठेवावी. त्यानंतर चतुर्थीपर्यंत तिकडे पाहायला घरात कोणाला सवड नसते.