पाथरवटाचे गणराज्य



इटलीने चहूबाजूंनी वेढलेला सान मारिनो हा ६१ चौरस किलोमीटरचा स्वतंत्र देश. रिमिनीहून बसने तितानो डोंगर चढला की आलाच. धर्मछळामुळे परागंदा झालेल्या मारिनो नावाच्या पाथरवटाने इ.स. ३०१ मध्ये तो वसवला, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. दर १ एप्रिल व १ ऑक्टोबरला दोन नवे राष्ट्रप्रमुख शपथ घेतात; सत्ता फक्त सहा महिने!

पण एवढ्या जुन्या गणराज्यात स्त्रियांनी संसदेसाठी पहिले मतदान केले १९६४ साली. आपल्या आया-आज्यांना बाबासाहेबांच्या घटनेने तो हक्क १९५० सालीच दिला. जुन्या परंपरेतून समता आपोआप येत नाही; ती कायद्यात लिहावी लागते. माता-भगिनींनो, मत वाया घालवू नका.