शब्दांच्या जोड्या : स्पष्टीकरण देतात की करतात?



मागच्या अंकात 'मेक' आणि 'डू' या जोडगोळीने आपल्याला चांगलाच घाम फोडला. आज एकच शब्द घेऊ, 'एक्स्प्लेन', म्हणजे समजावून सांगणे. त्याचं कोणाशी जमतं आणि कोणाशी नाही, ते पाहू.

आधी वर्गात रोज ऐकू येणारं वाक्य : 'टीचर, एक्स्प्लेन मी धिस सम.' मराठीत आपण 'मला हे गणित समजावून सांगा' म्हणतो ना, तोच 'मला' उचलून तिकडे ठेवला, झालं! शिवाय 'टेल मी', 'शो मी', 'गिव्ह मी' चालतंच की. पण एक्स्प्लेनला हे खपत नाही. त्याला आधी गोष्ट लागते, मग 'टू' आणि मग माणूस. 'प्लीज एक्स्प्लेन धिस सम टू मी.' 'सजेस्ट' हाही त्याच्याच पंगतीतला. 'सजेस्ट मी अ बुक' असं मोठी माणसंही सर्रास म्हणतात बरं का! हसू नका त्यांना.

आता नाम, 'एक्स्प्लनेशन'. एक्स्प्लेनच्या स्पेलिंगमध्ये 'एल'नंतर 'ए' आणि 'आय' शेजारी बसतात. एक्स्प्लनेशन लिहिताना तिथला 'आय' गळतो. शब्दाचं मूळ लॅटिन. 'प्लानुस' म्हणजे सपाट. उंचसखल जमीन सपाट करावी, तशी अवघड गोष्ट सोपी करायची. आपण मराठी माणसं मात्र तीच गोष्ट फोड करून सांगतो, नाहीतर उलगडून दाखवतो. मला आपलं उलगडणं जास्त आवडतं!

मराठीत स्पष्टीकरण 'देतात', तसंच इंग्रजीतही : 'गिव्ह ॲन एक्स्प्लनेशन'. तिथे 'टेल' किंवा 'से' घालू नका. कचेरीत एखाद्याकडे खुलासा मागतात, ते 'आस्क फॉर ॲन एक्स्प्लनेशन'. तोच रागावून, हक्काने मागितला की 'डिमांड'. आणि सगळ्यांत गमतीची जोडी 'ओ'ची. ओ म्हणजे देणं लागणे. 'आय ओ यू ॲन एक्स्प्लनेशन.' वाण्याची उधारी असते ना, तशी ही कारणाची उधारी! मैत्रिणीच्या वाढदिवसाला येते म्हणालात आणि गेलाच नाहीत, तर दुसऱ्या दिवशी तिला हेच वाक्य म्हणायचं.

स्पष्टीकरण थोडक्यात असेल तर 'ब्रीफ', सविस्तर असेल तर 'डिटेल्ड', पटण्याजोगं असेल तर 'कन्व्हिन्सिंग'. 'बिग एक्स्प्लनेशन' मात्र वहीत लिहू नका.

आता खरी गंमत. एक्स्प्लनेशन 'गिव्ह' करतात, पण 'एक्स्क्यूज', म्हणजे सबब, 'मेक' करतात. खरं कारण असतंच, ते फक्त द्यायचं. सबब बनवावी लागते! पटली नाही, तर इंग्रजीत ती 'लेम', म्हणजे लंगडी. आपल्याकडेही सबब लंगडीच.

पण ऐकणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटली तर? माझ्या वर्गात चौथीतली एक मुलगी रोज उशिरा यायची. 'बाई, ही नुसती निमित्तं सांगते,' असा मुलांचा गलका. ती मान खाली घालून उभी. मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारलं, तेव्हा कळलं. आई पहाटेच कामाला जाते. धाकट्या भावाला अंगणवाडीत पोचवून ही धावत शाळेत येते. ही काय सबब झाली? तिच्याकडे कारण होतं, पण गलक्यात ते सांगणार कसं?

अशा वेळी इंग्रजीत तीनच शब्द पुरतात : 'लेट मी एक्स्प्लेन.' मला सांगू तर द्या. आवाज चढवायचा नाही, पण मानही खाली घालायची नाही. 'प्लीज' जोडलंत तर उत्तमच. आणि आई-बाबा, हे वाक्य घरात ऐकू आलं, तर 'उलट बोलतोस?' म्हणण्याआधी पुढचं वाक्य येऊ द्या बरं!

या आठवड्याचं काम : तुमच्याकडे कोणाची तरी कारणाची उधारी असेलच. भावाची, मैत्रिणीची, शेजारच्या काकूंची. 'आय ओ यू ॲन एक्स्प्लनेशन' या वाक्याने सुरू होणारी चार ओळींची चिठ्ठी त्यांना लिहा. देण्याआधी स्पेलिंगमधला तो 'आय' तेवढा तपासा.