आरएमसी प्लांट टाकायचाय? आधी धुळीचा खर्च लिहा



मागे बांधकामाशी जोडलेल्या छोट्या धंद्यांवर एक व्हिडिओ केला होता. त्याखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहिला. "सर, मुंबईत जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे. भाड्याच्या जागेवर छोटा आरएमसी प्लांट टाकला तर चालेल का?" एका भावाने तर सगळी एक्सेल शीटच पाठवली. बॅचिंग प्लांट इतक्याला, सायलो इतक्याला, लोडर भाड्याने, दोन मिक्सर हप्त्यावर. महिन्याला इतके घनमीटर, घनमीटरमागे इतके सुटतात, अडीच वर्षांत पैसे वसूल. शीट मनापासून बनवलेली होती. मी ती तीनदा बघितली. त्यात डिझेल होतं, वीज होती, वॉचमनचा पगार होता, अगदी चहापाणीसुद्धा होतं. धूळ कुठेच नव्हती.

म्हणून आज हे लिहायला बसलो.

एक गोष्ट आधीच सांगतो, मी आरएमसीच्या विरोधात नाही. जुनी पद्धत आठवा. रस्त्यातच वाळूचा ढीग, शेजारी खडी, आणि सिमेंटची गोण फोडून मिक्सरच्या तोंडात उपडी करणारा बिगारी. डोक्यापासून पायापर्यंत करडा झालेला. त्यापेक्षा एका जागी, मोजून-मापून तयार झालेलं काँक्रीट कधीही चांगलं. पण "एका जागी" म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न आहे. तयार काँक्रीट फार वेळ थांबत नाही. माल भरल्यापासून साधारण दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे, असं आयएस ४९२६ हे भारतीय मानक सांगतं. आता मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दोन तासांत तुम्ही किती लांब जाणार? म्हणून प्लांट शहराबाहेर नेऊन चालत नाही, तो गिऱ्हाइकाच्या जवळच लागतो. आणि गिऱ्हाइकाच्या जवळ म्हणजे लोकांच्या खिडक्यांच्या जवळ.

आता धूळ निघते कुठून ते बघा, कारण मशीन विकणारा हे सांगत नाही. सिमेंटचा बल्कर येतो आणि हवेच्या दाबाने सिमेंट सायलोत ढकलतो. सिमेंटबरोबर आत गेलेली हवा वरून बाहेर पडणार, म्हणून सायलोच्या डोक्यावर फिल्टर असतो. तो फिल्टर वेळेवर साफ केला नाही, पिशव्या बदलल्या नाहीत, की हवा तुंबते, दाब वाढतो, वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि करड्या पिठाचा ढग बाहेर येतो. लोडर बिनमध्ये खडी आणि क्रश सँड ओततो तेव्हा उडते ती वेगळी. पट्टा उघडा असेल तर त्यावरून उडते ती आणखी वेगळी. पण माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गेटच्या बाहेर. मिक्सरच्या मागच्या पन्हळीतून काँक्रीट थेंबथेंब रस्त्यावर सांडतं. चाकांना चिकटलेला चिखल बाहेर येतो. तो वाळतो, त्यावरून बस जाते, ट्रक जातात, त्याचं पीठ होतं आणि प्रत्येक गाडीमागे ते परत उठतं. तुमचा प्लांट रात्री बंद झाला तरी तुमची धूळ रस्त्यावर काम करतच असते.

हिवाळ्यात तर मुंबईत अजून वाईट. समुद्रावरचं वारं मंदावतं, खालची थंड हवा वर जात नाही, आणि जे उडालंय ते तिथेच लोंबकळत राहतं. पीएम१० म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. त्याची आपल्या देशातली मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे, वर्षाच्या सरासरीला ६०. सगळा दोष बांधकामाचा नाही हे मान्य. डिझेलचा धूर आहे, कचरा जाळणं आहे, कारखाने आहेत. पण धूर दुसऱ्याचा आहे म्हणून आपली धूळ कमी होत नाही ना.

आता शीटकडे परत येऊ. पट्टा आणि बिन झाकायला शेड, फिल्टरची देखभाल आणि सुट्या पिशव्या, गेटवर चाकं धुण्याची सोय, यार्डात काँक्रीटची जमीन, धुतलेल्या पाण्यासाठी गाळ बसायच्या टाक्या, आणि बाहेरचा रस्ता रोज झाडायला माणसं किंवा मशीन. याशिवाय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. उभारणीआधी एक, चालू करण्याआधी दुसरं. जागामालक म्हणाला "काही प्रॉब्लेम नाही, आपली ओळख आहे", तर तो तुमचा परवाना नव्हे. हे सगळं त्या भावाला शीटमध्ये भरायला लावलं तेव्हा अडीच वर्षांची वसुली चार वर्षांच्या वर गेली. तो नाराज झाला. मला म्हणाला, "सर, बाकीचे कुठे करतात हे सगळं?"

हाच तो मुद्दा आहे ज्यावर माझं मत ठाम आहे. बाकीचे करत नाहीत म्हणजे तो खर्च होत नाही असं नाही. तो खर्च कुणीतरी भरतंच. समोरच्या चाळीतल्या आजी इनहेलर विकत घेऊन भरतात. शाळा वर्गाच्या खिडक्या बंद ठेवून भरते. आतापर्यंत हे बिल आपल्या धंद्याकडे परत येत नव्हतं, एवढंच. आता यायला लागलंय. आणि येताना ते मोठ्या बिल्डरकडे थांबत नाही, घसरत घसरत सगळ्यात छोट्या माणसाकडे येतं.

तारीखवार बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने धुळीबद्दल सविस्तर नियमावली काढली. एक एकरापेक्षा मोठ्या जागेभोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान जागेला २५ फूट, चालू इमारतीला हिरवं कापड, पाण्याची फवारणी, गाड्यांवर ताडपत्री, बाहेर पडताना चाकं धुणं, कापाकापी-घासाघाशी बंदिस्त जागेतच. त्याच महिन्याच्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने हवेचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. तरीही बरेच जण म्हणत होते, कागदावरचं आहे, चालतंय. मग ३० डिसेंबर २०२४ ला पालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा या दोन भागांतली बांधकामं थांबवायला सांगितली. हवेचा निर्देशांक २०० च्या वर गेला की काम बंद. खासगी असो वा सरकारी. पुढे हवा सुधारल्यावर बंदी उठली. पण तेवढ्या दिवसांत काय झालं ते मला आपल्या बॅचमधल्या एकाकडून कळलं.

हा मुलगा फरशी आणि वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. बंदी लागलेल्या भागात एका इमारतीत त्याचं नऊ लाखांचं काम चालू होतं. दहा टक्के सुटतील असा हिशोब, म्हणजे ९०,००० रुपये. सहा माणसं, सरासरी ९०० रुपये हजेरी, दिवसाला ५,४००. काम बंद झालं तेव्हा माणसांना गावी जा म्हणावं तर परत येतील याची खात्री नाही, म्हणून त्याने सात दिवस बसून हजेरी दिली. ३७,८०० रुपये गेले. नफ्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त, एक फरशी न बसवता. त्याची स्वतःची चूक होती का? खरं सांगायचं तर अर्धी होती. त्या इमारतीत त्याची माणसं कोरड्या कटरने, उघड्या गॅलरीत बसून ग्रॅनाइट कापत होती. पण त्याने ओलं कापलं असतं तरी बंदी लागलीच असती, कारण बंदी सगळ्या वॉर्डाला होती.

इथे मला प्रशासनालाही चार शब्द ऐकवायचे आहेत. नियम पाळणारा आणि न पाळणारा यांना एकाच कुलपात बंद केलं, तर पाळणाऱ्याने पुढच्या वेळी पैसे का घालावेत? ज्या साईटवर फवारणी आहे, कापड आहे, सेन्सर आहे, तिला थोडी तरी सूट मिळायला हवी आणि उघड्यावर करणाऱ्याला आधी दंड. वर्षभर तपासणी झाली तर डिसेंबरात सरसकट बंदी लावायची वेळच कमी येईल. दिल्लीत तर दर हिवाळ्यात हे ठरलेलंच झालंय. हवा बिघडली की काम बंद, आणि रोजंदारीवरचा मजूर आधी रिकामा. सुप्रीम कोर्टाला मजुरांच्या भत्त्याबद्दल आदेश द्यावे लागले. तो भत्ता नोंदणी असलेल्या मजुराला मिळतो. तुमच्या किती माणसांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी आहे? हात वर करा. मला माहीत आहे, फार हात वर जाणार नाहीत.

आणि माणसांचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. ग्रॅनाइट, वाळू, काँक्रीट यांत सिलिका असते. कोरडं कापताना तिचे इतके बारीक कण उडतात की डोळ्याला दिसतही नाहीत, आणि फुप्फुसात गेले की तिथे व्रण पडतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. एकदा झाला की बरा होत नाही. हल्ली किचनच्या ओट्याला क्वार्ट्झचा कृत्रिम दगड मागतात ना, त्यात सिलिका ग्रॅनाइटपेक्षाही खूप जास्त असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावरच बंदी घातली. आपल्याकडे तो दगड कापणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून बसतो. रुमालाने ती धूळ अडत नाही. पाण्याची धार सोडणारा कटर, ग्राइंडरला जोडायचा व्हॅक्यूम आणि एन९५ मास्क, हा तुमच्या एका चांगल्या कामाच्या नफ्यातून निघणारा खर्च आहे.

मग करायचं काय? कोटेशनमध्ये धुळीची वेगळी ओळ टाका. "इतर खर्चात" लपवू नका. कापड, ताडपत्री, ओलं कापणं, रोजची झाडलोट, डेब्रिज गोणीत भरून अधिकृत ठिकाणी पोचवणं, त्याची पावती. गिऱ्हाईक म्हणेल, दुसऱ्याने हे लावलं नाही. तर शांतपणे सांगा, दुसरा तुमचं राबिट रात्री खाडीकाठी टाकणार आहे आणि गाडी पकडली तर चौकशी तुमच्या सोसायटीपर्यंत येणार आहे. सोसायटीचे सेक्रेटरी हे लगेच समजतात, बिल्डरपेक्षा लवकर. दुसरं म्हणजे करारात एक वाक्य घाला: सरकारी आदेशाने काम थांबलं तर मुदत तेवढी वाढेल आणि ठरलेल्या दिवसांपुढची निम्मी हजेरी मालक देईल. सगळे मान्य करणार नाहीत. त्या फरशीवाल्याला त्यानंतरच्या तीनपैकी एकाच मालकाने मान्य केलं. पण एक तरी झालं.

अजून एक. अशा बातम्या आल्या की लगेच "फॉग कॅनन भाड्याने द्यायचा धंदा" असे व्हिडिओ सुरू होतात. कर्ज काढून मशीन घेऊ नका. मागणी मुख्यतः ऑक्टोबर ते फेब्रुवारी, हप्ता बारा महिने. आणि उडालेल्या धुळीवर पाणी मारण्यापेक्षा ती उडूच न देणाऱ्या कामाला माझं मत आहे. ते कमी झगमगीत आहे, पण वर्षभर चालतं.

त्या एक्सेलवाल्या भावाचं काय झालं? तो मुळात फॅब्रिकेशनवाला आहे, शटर आणि ग्रिल करतो. मी त्याला विचारलं, प्लांट टाकण्याऐवजी प्लांटवाल्यांना लागणारं काही तू बनवू शकतोस का? पट्ट्यावरचं झाकण, चाकं धुवायची लोखंडी जाळी, बिनच्या तीन बाजूंचे पत्रे. आठवडाभर त्याने फोन केला नाही. मग एका प्लांटवर जाऊन मापं घेऊन आला आणि दीड महिन्यात पहिली जाळी बसवलीसुद्धा. ट्रकच्या वजनाने एका कोपऱ्यात वाकली, ती परत खोलून जाड चॅनेल टाकावं लागलं, त्यात त्याचा नफा गेला. दुसरी नीट बसली आहे. प्लांटवाल्याने निम्मे पैसे दिलेत, उरलेल्यांसाठी "पुढच्या सोमवारी या" चालू आहे. उधारी वसुलीवर या रविवारी व्हिडिओ येतोय, तो त्याच्याच सांगण्यावरून केलाय.