आवड वेगळी, निवड वेगळी, नियम वेगळा



हल्ली आपल्या घरांत एकच इंग्रजी शब्द सगळीकडे पुरवला जातो. पाणीपुरी 'आय लव्ह', पैठणी 'आय लव्ह', मालिकेतली नायिका 'आय लव्ह', आणि फोन ठेवताना आजीलाही 'लव्ह यू'. फेसबुकवर 2009 मध्ये 'लाइक'चा अंगठा आला, 2016 मध्ये शेजारी 'लव्ह'चं बदाम आलं, आणि आता नुसता अंगठा दिला तर समोरच्याला कमीच वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण बायकांनी 'लव्ह' जरा जपून खर्च करावा आणि 'प्रिफर' हा शब्द मात्र अगत्याने शिकून घ्यावा.

इंग्रजीतही आवडीच्या पायऱ्या आहेत. 'लाइक' म्हणजे साधी आवड. 'एन्जॉय' म्हणजे एखादी गोष्ट करताना मिळणारा आनंद. 'फाँड ऑफ' म्हणजे लोणच्यासारखी मुरलेली, वर्षानुवर्षांची आवड. या 'फाँड'चा जुना अर्थ खुळा, वेडा असा होता. आपणही म्हणतोच की, तिला वाचनाचं वेड आहे! 'वुड लाइक' हे नम्रपणे मागायचं रूप, 'मला जरा पाणी हवं होतं' असं आपण म्हणतो तसं. आणि 'प्रिफर' म्हणजे दोन गोष्टींतली एक पुढे ठेवणं. कॉफीपेक्षा चहा बरा वाटत असेल तर 'आय प्रिफर टी टू कॉफी' म्हणायचं. तिथे 'दॅन' येत नाही, 'टू' येतं. नातवंडांकडे परदेशी जाणाऱ्या मैत्रिणींना एवढ्या भांडवलावर बराच संसार करता येतो.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत 'लाइक'ची रचना आपल्या 'आवडणे'सारखीच होती. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात कर्ता आंबा आहे, आपण नुसत्या 'मला' म्हणून बाजूला उभ्या. तिकडेही वस्तू माणसाला रुचायची. पुढे 'आय' कर्त्याच्या जागी आला. आवड ही आपोआप होते, तिला काही करावं लागत नाही. निवड मात्र करावी लागते, आणि ती करणारं कुणीतरी लागतं. मराठीत आपण 'आवडनिवड' असा जोडशब्द करतो, पण आपल्या पिढीतल्या बायकांच्या वाट्याला त्यातली आवडच आली. निवड दुसऱ्यांनी केली.

'पसंत' हा शब्दच बघा. आपल्या लग्नाच्या वेळी तो कुणाच्या तोंडी होता? 'मुलगी पसंत आहे' असा निरोप मुलाकडून यायचा. मुलीला विचारलं तर ती मान खाली घालायची आणि तोच होकार धरला जायचा. तीच सवय पुढे स्वयंपाकघरात आली. सगळ्यांना काय हवं ते आपल्याला तोंडपाठ असतं, आणि आपल्याला कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'मला काय, काहीही चालतं.'

कॉमर्सला आम्हाला प्रेफरन्स शेअर शिकवायचे. नफ्यातून लाभांश वाटताना आधी या भागधारकांचा वाटा काढायचा, उरेल त्यातून साध्या भागधारकांना द्यायचं. त्यात प्रेमाचा काही संबंध नाही, फक्त पुढे-मागे कोण याचा हिशोब आहे. आपल्या घरातली बाई म्हणजे साधा भागधारक, उरलं तर तिला. फरक इतकाच, की कंपनीत साध्या भागधारकाला निदान मत द्यायचा हक्क असतो.

म्हणून 'प्रिफर' मला मोलाचा वाटतो. त्यात हट्ट नाही, रुसवा नाही, दुसऱ्याच्या आवडीला नावं ठेवणं नाही. 'दोन्ही चांगलं आहे, मला यातलं हे बरं वाटतं,' इतकंच तो सांगतो. मराठीत सांगायला कुणी अडवलेलं नाही. 'त्यापेक्षा मला हे आवडेल' हे वाक्य घरात रोज एकदा तरी बोलून बघा. सुनेलाही बोलू द्या. तिने पडद्याचा रंग वेगळा सुचवला की तो आपला अपमान धरू नका.

पण एक ठिकाण असं आहे, जिथे 'लाइक'ही नको आणि 'प्रिफर'ही नको. ते म्हणजे आपले नियम. बाहेर जेवताना कितीतरी जणी 'आय डोन्ट लाइक ऑनियन' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, आवडत नाही म्हणजे थोडा चालेल. 'आय प्रिफर विदाउट ऑनियन' म्हटलं तर तो समजतो, नसला तर बरं, असला तरी हरकत नाही. तिथे सरळ सांगावं, 'आय डोन्ट ईट इट.' विमानाचं तिकीट काढतानाच जैन जेवण नोंदवून ठेवावं. कांदा-बटाटा आवडत असूनही सोडलेल्या कितीतरी जणी आपल्यात आहेत, आणि त्यांच्या त्यागाची किंमत तिथेच आहे. 'आवडत नाही' म्हटलं की तो त्याग पुसला जातो. आपलं मराठी 'आम्हाला चालत नाही' किती नेमकं आहे! त्यात आवडीचा प्रश्नच येत नाही.

आणि मराठीतच राहून आपण जैन बायका दोन शब्द दोन अर्थांनी जगतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? घरात 'राग' म्हणजे संताप, पण प्रवचनात राग म्हणजे आसक्ती, आणि ती ज्याने जिंकली तो वीतराग. घरात 'माया' म्हणजे आईची ऊब, पण क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांत माया म्हणजे कपट. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ आपण लहानपणापासून न गोंधळता सांभाळले. मग लाइक, लव्ह, प्रिफर यांतला फरक आपल्याला जड जायचं कारण नाही.

'लव्ह' माणसांसाठी राखून ठेवा. पाणीपुरीला 'लाइक' पुरतं. नियमाला 'नाही' पुरतं. आणि उद्या घरात कुणी विचारलं, तुला काय हवं, तर 'काहीही चालतं' म्हणण्याआधी क्षणभर थांबा आणि खरं उत्तर द्या.